लाल नाव

डासाची सोंड कातडीत शिरते तेव्हा माणसाला काही कळत नाही. कळतं ते नंतर, डास उडून गेल्यावर.

*

"काय वो वैजूताई, म्हैस तीच, पेंड तीच, वैरण तीच. काल दुधाला सात फॅट, आन् आज सहाच?"

"मशीन दावतंय ते सांगते."

"तुमच्या मशीनला म्हशीनं लाथ मारली का काय?"

रांगेत हशा.

*

खो-खोचा खांब नुसता रंधा मारून गुळगुळीत होत नाही. वर्षानुवर्षं मुली पळत येतात, खांबाला हात घालून गर्रकन वळतात, आणि मग कधीतरी त्या लाकडावर तळहाताची झिलई चढते.

*

माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांवर एकेक ग्रंथी असते. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर कुंची बसावी तशी बसलेली. वजनाला एखादी खारीक.

*

फलटणच्या एसटी स्टँडवर एक मोठं पोस्टर लागलं होतं. त्यात एक हसरी आजी, तिच्या दंडावर गोल पट्टी. खाली ठळक अक्षरांत: 'आजी बोलत नाहीत? पट्टी बोलेल.'

*

तर ही वैजयंती जगदाळे. गावात वैजूताई. गाव नीरेच्या उजव्या कालव्यावरचं, फलटणपासून जेमतेम अर्ध्या तासाचं. लग्न झालं, मोडलं, माहेरी आली, आणि तेव्हापासून गावाबाहेरच्या दूध संकलन केंद्राच्या काउंटरमागे बसली ती बसलीच. आता पन्नाशी उलटली. माणूस कॅन पुढे करतो, ती ढवळून नमुना घेते, नळीखाली धरते, आकडे उमटतात. फॅट किती, पाणी किती. आकड्यावरून रोज कुणीतरी भांडतं. भांडण झालं की केंद्राच्या नियमाप्रमाणे दुबार टेस्ट. मशीन धुवायचं, तेच दूध, त्या माणसाच्या डोळ्यांदेखत पुन्हा लावायचं. बहुतेक वेळा तोच आकडा येतो. मग माणूस गप्प होतो, कॅन उचलतो, जातो. वैजूला या कामातलं आवडायचं ते एवढंच. तिला कुणाची बाजू घ्यावी लागत नसे.

घरी आई. मालनबाई. कन्याशाळेत उभी हयात खो-खो शिकवला, म्हणून तालुक्याला पीटीच्या बाई. स्वतःच्या मुलीलाही शिकवला. मैदानावर त्या तिला वैजू म्हणायच्या नाहीत. "जगदाळे, गुडघा खाली! जगदाळे, ऊठ!" जिल्ह्याचा संघ निवडायची वेळ आली तेव्हा जगदाळेला आईनंच बाहेर बसवलं. वैजू घरी येऊन ओक्साबोक्शी रडली. मालनबाई कणीक मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या,

"खो मिळाल्यावर तुझा पहिला पाय उशिरा पडतो. मी काय करू?"

त्यानंतर वैजू मैदानात गेली नाही. मायलेकींचं बोलणं पुढे चालू राहिलं, पण ते पाण्याचा पंप बंद केलास का, गोळ्या घेतल्यास का, एवढ्याचंच. आणि बऱ्याच वर्षांनी एका सकाळी, भरल्या रांगेत, मालनबाईंनी घरच्या म्हशीचं दूध काउंटरवर ठेवलं आणि मशीननं त्यात पाणी दाखवलं. गडी धार काढायचा, त्यानंच घातलं असणार. सगळी रांग बघत होती. वैजूनं कॅन परत केला. मालनबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, कॅन उचलला आणि निघून गेल्या. घरी आल्यावर त्याबद्दल अवाक्षर नाही. एक आकडा त्यांनी दिला होता, एक हिनं दिला. वैजूच्या लेखी हिशोब तिथं मिटला होता. तिला तसं वाटायचं.

*

पट्टी आली तेव्हा मालनबाईंना अजून थोडंफार बोलता येत होतं. साखर जुनीच होती, हृदय थकलेलं होतं, विसरायला लागल्या होत्या. आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी दंड पुसला, रुपयाएवढी गोल पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली आणि म्हणाल्या, "झालं की आज्जी! दुखलं?"

मालनबाईंनी दंडाकडे निरखून पाहिलं. "नवरा जाऊन वीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "आता टिकली लावतेस होय गं?"

नर्सबाई पोट धरून हसल्या. दिवसभर सांभाळायला ठेवलेली रेश्मा मुलाणी हसता हसता पाण्याचा तांब्या सांडून बसली. वैजूही हसली. गावभर ही गोष्ट गेली आणि त्या दिवसापासून पट्टीला गावात सगळे टिकलीच म्हणायला लागले.

टिकलीची खालची बाजू मांजराच्या जिभेसारखी खरखरीत लागते. ती खरखर म्हणजे सुया. रव्याच्या कणाएवढ्या उंचीच्या, शेकड्यांनी. कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. सुया तो ओलांडतात आणि दुखण्याच्या नसा जिथं सुरू होतात त्याच्या अलीकडेच थांबतात, म्हणून दुखत नाही. तिथं रक्तही नसतं. पेशींच्या फटींतून एक पातळ द्रव झिरपत असतो आणि रक्तात जे जे असतं ते थोड्या उशिरानं त्यात उतरतं. प्रत्येक सुईच्या टोकावर एकेका गोष्टीला ओळखणारे धागे चिकटवलेले असतात. साखरेचा वेगळा, पोटॅशियमचा वेगळा, थकलेलं हृदय जे प्रथिन सोडतं त्याचा वेगळा. आपला पदार्थ भेटला की धागा त्याच्याभोवती वळतो, वळला की टोकातून जाणारी वीज किंचित बदलते, आणि त्या बदलाचा आकडा फोनवर येतो. बोटाला टोचणं नको, लॅब नको, उपाशीपोटी रांगेत उभं राहणं नको. नुसती साखर सांभाळता येऊ लागल्यानं तालुक्यात किती जणांचे पाय वाचले.

आणखी एक धागा होता, कॉर्टिसॉलचा. मूत्रपिंडावरच्या त्या कुंचीतून जे रसायन सुटतं ते हे. मेंदूनं 'सावध' म्हटलं की ते सुटतं. लगेच रक्तात उतरू लागतं, पंधरा-वीस मिनिटांत अंगभर पोचतं, रक्तात साखर ओततं, दाब चढवतं. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही.

"पण आईंचं हृदय म्हणजे चढावर लागलेली भरलेली बैलगाडी आहे," डॉक्टर स्नेहल दोशी वैजूला म्हणाल्या. "प्रत्येक उसळीला मागून एक पोतं वाढतं. औषधं आहेतच. पण आता मुख्य इलाज एकच. उसळ्या येऊ द्यायच्या नाहीत."

"म्हणजे काय करायचं?"

"कशानं येतात ते शोधायचं. आणि ते टाळायचं."

*

शोधायचं काम फोननं अंगावर घेतलं. टिकलीच्या पुढच्या सुधारित आवृत्तीत ती सोय आली. घरात कोणाचा फोन किती वाजता शिरला, टीव्ही कधी लागला, कुकरची शिट्टी कधी झाली, हे सगळं एका बाजूला आणि कॉर्टिसॉलची रेघ दुसऱ्या बाजूला. काही महिने दोन्ही एकमेकांवर ठेवून बघायचं. ज्याच्या येण्यामागोमाग रेघ चढते त्याचं नाव लाल. जो आल्यावर रेघ खाली बसते तो हिरवा.

गावाला आधी मजा वाटली.

"आप्पांच्या टिकलीत लाल नाव जावयाचं निघालं म्हनं."

"मग? जावई काय म्हनाला?"

"म्हनला, मशीन बरोबर हाय, मला बी त्यांच्याकडं गेलं की तसंच हुतंय."

मग मजा संपत गेली. एका घरात सासूच्या टिकलीत सून लाल आली आणि महिन्याच्या आत चूल वेगळी झाली. एका म्हाताऱ्याच्या टिकलीत त्याचा जन्माचा मित्र लाल आला. रोज पारावर पत्ते खेळणारी ती जोडी, पण म्हाताऱ्याच्या पोरांनी मित्राला घरी येऊ नका म्हणून सांगितलं. कोणी वाईट वागत नव्हतं. सगळे काळजीच घेत होते. कुणाला राग आला की लोक म्हणत, "माझ्या टिकलीत लाल हायस तू," आणि एकमेकांना टाळ्या देत. पण ज्याच्या घरी खरोखर लाल नाव होतं तो त्या टाळीला हात पुढे करत नसे.

तोवर मालनबाईंचे शब्द गेले होते. एक लहानसा झटका आला, मग दुसरा. वाक्यं गेली, नावं गेली. शेवटी कुणालाही 'पोरी' म्हणायच्या, आणि मग तेही गेलं. आता त्या खाटेवर टेकून बसत आणि बघत.

*

वैजूनं ते पाहिलं तेव्हा ती काउंटरवर होती. संध्याकाळची रांग लागलेली. फोन थरथरला.

रेश्मा मुलाणी: हिरवा.
टीव्ही: हिरवा.
कुकर: पिवळा.
वैजयंती जगदाळे: लाल. संबंध: ठाम.

"ताई," रांगेतला माणूस म्हणाला, "धरा की नमुना."

तिनं नमुना धरला. नळीखाली लावला. आकडा वाचून दाखवला.

*

"असं मनाला लावून घेऊ नका," डॉक्टर दोशी म्हणाल्या. त्या खरंच चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली. "विसरण्याच्या आजारात जुनं वर येतं. माणूस ओळखू येत नाही, पण त्याच्याबद्दलची भावना उरते. तुमचं दोघींचं कधी काही..."

"हो."

"काय झालं होतं?"

वैजूनं विचार केला. काय सांगणार? संघातून काढलं? दूध परत केलं? बाहेरच्या माणसाला सांगितलं तर हसू येईल असं सगळं.

"काही नाही. आमचं जमायचं नाही."

"सध्या जवळ जाणं कमी करून बघू या. आईंच्या भल्यासाठी."

"चुकत असेल तर? मशीन?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही रोज मशीनवरच बसता ना?"

*

मग वैजूनं तिला येत होतं तेच केलं. दुबार टेस्ट.

पहिल्यांदा फोन केंद्रावरच ठेवून गेली. फोनच घरी आला नाही तर मशीनला कळणार कसं कोण आलं ते? ती आईसमोर बसली, साखर-चहाचं काहीबाही बोलली, परत आली आणि फोन उघडला. रेघ चढलेली होती. रेश्माच्या फोननं आवाज टिपला होता, पण नाव लिहिता आलं नव्हतं म्हणून मशीननं नुसतं 'अनोळखी व्यक्ती' लिहिलं होतं. लाल.

दुसऱ्यांदा तिला वाटलं, स्कूटरचा आवाज असेल. किंवा अंगाला येणारा आंबूस दुधाचा, मशीन धुवायच्या औषधाचा वास. तिनं केंद्रामागे अंघोळ केली, रेश्माचा धुतलेला पंजाबी ड्रेस घातला, स्कूटर सोडून कालव्याच्या कडेनं चालत गेली. मागच्या दारानं आत. आईनं मान वळवली, तिला पाहिलं. वैजू दारातच थांबली. थोड्या वेळानं रेघ चढली.

तिसऱ्यांदा ती बोललीच नाही. आईकडे पाठ करून पायरीवर बसली आणि मेथी निवडत राहिली. कोणीही बाई मेथी निवडते तशी. रेश्मा आत पाय दाबत होती. वैजूला मागे वळायची भयंकर इच्छा झाली. मानेवर कुणीतरी बघत असल्यासारखं होत होतं.

रेश्मानं फोन पुढे केला. "चढलीय, ताई."

"बघतीय का माझ्याकडं?"

"व्हय. मघापासनं."

"तोंड कसं आहे?"

रेश्मानं बराच वेळ मालनबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. झटक्यानंतर त्या तोंडाची एक बाजू खाली आली होती. त्यावर काही दिसणं अवघडच होतं. "मला काय कळंना, ताई," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "नुसत्या बघत्यात. तुमच्या गाडीचा आवाज आला तरी अशाच दाराकडं बघत्यात. तवाच रेघ हलाया लागती."

"मी आत यायच्या आधीच?"

"आधीच."

वैजूनं मेथीच्या काड्या गोळा केल्या. केंद्रावर एखाद्याचा आकडा तिसऱ्यांदा तोच आला की ती काही बोलत नसे. त्याच्याकडे बघतही नसे, उगाच त्याला लाज वाटेल म्हणून. तो माणूस जसा कॅन उचलून जातो तशी ती उठली.

एवढी भीती. गाडीच्या आवाजाला.

*

केंद्रामागे पशुखाद्याची पोती ठेवायची खोली होती. तिथं तिनं खाट टाकली.

"पीटीच्या बाईंना लेकीचाच ताप व्हतुया म्हनं," रांगेत कुणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. वैजूनं ऐकलं. पुढचा कॅन ओढला.

आता आई म्हणजे फोनवरची रेघ. सकाळी उठल्यावर ती रेघ बघायची. दूध घेता घेता, कॅन मोजता मोजता बघायची. रेघ खाली आली होती. आठवड्याभरात इतकी खाली बसली की जणू कालव्याचं पाणी सोडायचं बंद झालं. साखर बरोबर. दाब बरोबर. पायांची सूज उतरली.

दोशीबाईंनी स्वतःहून फोन केला. "इतकी सुंदर रेघ मी पाहिली नाही. आम्ही साताऱ्याच्या प्रशिक्षणात दाखवणार आहोत, नाव न घेता. तुमची परवानगी आहे ना?"

"आहे."

"तुम्ही मोठा त्याग केलात."

"बरं," ती म्हणाली.

एकदा, फक्त एकदा, तिला राहवलं नाही. रेश्मा आईला ओट्यावर उन्हात बसवते हे तिला माहीत होतं. समोरच्या ऊसपट्ट्याच्या कडेनं ती आत शिरली आणि पाल्याच्या आडून पाहिलं. मालनबाईंचे केस रेश्मानं छान विंचरले होते. त्या रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. एक मोटारसायकल गेली. त्यांची मान तिच्यामागे थोडीशी वळली आणि परत आली. वैजू वाकूनच मागे सरकली. उसाच्या पानांनी हात चरचरून कापले गेले.

*

इथं एक गोष्ट सांगायला हवी. धडधाकट माणसाचं कॉर्टिसॉल रोज सकाळी आपोआप चढतं. डोळे उघडण्याच्या सुमाराला. कुणी घाबरवलेलं नसतं, काही झालेलं नसतं. दिवस आलाय, उठायचंय, कुणीतरी भेटणार आहे, याची ती शरीराची तयारी. दुपारपासून ते उतरत जातं. निरोगी रेघ सपाट नसते. रोज एक टेकडी चढते.

मालनबाईंची सकाळची टेकडी हळूहळू बुजत गेली आणि मग नाहीशी झाली. फोननं त्याबद्दल काही म्हटलं नाही. त्याला जास्त झालेलं शोधायला सांगितलं होतं. कमी झालेलं शोधायला कुणी सांगितलं नव्हतं. रेघ हिरवी होती.

*

"ताई, जेवण कमी झालंय."

"शुगर?"

"बरोबर हाय."

"दाब?"

"समदं बरोबर हाय."

"मग?"

"मग काय न्हाई. सांगावं म्हटलं." फोनवर रेश्मानं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. "गाड्या जात्यात रस्त्यानं. आधी बघायच्या. आता बघत न्हाईत."

"शांत झालीय."

"व्हय. लई शांत झाल्यात."

"रेश्मा, तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं, ताई? मी हिरवी हाय म्हनून बसलीय हितं. तुमी या म्हनलं आन् काय झालं, तर माझ्यावर येनार."

ते खरंच होतं.

*

फोन आला तो दुपारी. केंद्र बंद होतं. रेश्मा रडत होती. श्वास लागलाय, ताई, लवकर या.

वैजूनं स्कूटर काढली आणि गावाच्या वेशीतच बंद केली. तिथून ढकलत नेली, आवाज नको म्हणून. ढकलता ढकलताच दोशीबाईंना फोन लावला. फलटणहून रुग्णवाहिका निघाली होती, पण पोचायला वेळ होता. "हलवण्यात आता अर्थ नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्रास होऊ द्यायचा नाही, एवढंच बघायचं. रेघ कशी आहे?"

"हिरवी."

"मग शांतपणे जातायत. तशाच जाऊ द्या. आता उसळी आली तर गुदमरतील."

ती घराला वळसा घालून मागच्या खिडकीशी आली. खिडकी खाटेच्या उशाला होती. आईला ती दिसणार नव्हती. हिला आईचं डोकं दिसत होतं. पांढरे केस, टाळूवर विरळ झालेले. दूरवर घाट चढणारा ट्रक ऐकू यावा तसा श्वास येत होता, मध्येच तुटत, परत लागत.

रेश्मानं तिला पाहिलं. "या की आत!"

वैजूनं मान हलवली.

"ताई, आवं, या की! आता काय ऱ्हायलंय?"

"हळू बोल. तिला कळेल."

"कळू द्या की!"

"हात धर तिचा," वैजू खिडकीतून कुजबुजली. "तू हिरवी आहेस. तू धर."

रेश्मानं मालनबाईंचा हात हातात घेतला. वैजूनं खिडकीच्या गजांना धरलं. तिचा एक हात गजांतून आत जाऊ शकत होता, आणि गेला असता तर टाळूपर्यंत पोचला असता. तिनं अंतर न मोजताच त्या हाताकडे पाहिलं आणि तो आवळून स्वतःजवळ ठेवला. हे शेवटचं तरी नीट करायचं. घाबरवायचं नाही. तिच्या आयुष्यात तिनं आईसाठी केलेल्या गोष्टींत ही सगळ्यांत अवघड होती, आणि ती तिला जमत होती, आणि जमतेय याचं एक कडू समाधानही होतं.

मालनबाईंची मान एकदा हलली. खिडकीच्या दिशेनं की उशीवर नीट व्हायला, ते सांगता यायचं नाही.

श्वास तुटला. परत लागला नाही.

रेश्मानं हंबरडा फोडला. वैजूच्या हातातला फोन थरथरला. रेघ मधेच संपली होती आणि खाली लिहून आलं होतं: 'नमुना मिळत नाही. पट्टी नीट बसली आहे का तपासा.'

तेव्हा ती दारातून आत गेली.

*

गार झालेल्या दंडावरून टिकली निघेना. वैजूनं नखानं कड उचलली. खाली कातडीवर बारीक बारीक ठिपक्यांचं वर्तुळ उमटलेलं होतं. तिनं त्यावर बोट फिरवलं. मग दंड तळहातात धरला आणि तशीच बसून राहिली. पाणी तापवायला बायका आल्या, ऊठ म्हणाल्या, तरी तिनं दंड सोडला नाही. आता रेघ नव्हती. आता कितीही वेळ धरला तरी चालणार होतं.

नंतर फोनवर एक अहवाल आला. मालनबाईंचा शेवटचा काळ 'अतिशय स्थिर' गेल्याचं त्यात होतं, आणि सोबत एक प्रश्न: आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का? उत्तराच्या जागी पाच चांदण्या होत्या. वैजूनं फोन पालथा ठेवला. पुन्हा सरळ केला तेव्हा तो प्रश्न तसाच होता. दुसऱ्या दिवशीही होता. उत्तर दिल्याशिवाय तो जात नव्हता. शेवटी, संध्याकाळच्या रांगेत, एक हात कॅनवर असताना, तिनं पाचही चांदण्या दाबल्या.

*

वैजयंतीचा जन्म फलटणच्या एका प्रसूतिगृहात, मार्च महिन्यात, दुपारी झाला. बाळ हातात दिल्याबरोबर मालनबाईंची नाडी इतकी पळायला लागली की नर्सनं घाबरून ते काढून घेतलं. नाडी लगेच खाली आली, आणि मालनबाईंनी उठून बसून दोन्ही हात पुढे केले आणि बाळ परत मागितलं.